ठोक्याला ठोका

१

दोरीवरून भांडण झालं नसतं, तर ठोक्यांचं खूळ निघालंच नसतं. पण भांडण झालं, आणि तेही निघायच्या आदल्या दिवशी, बोटवाल्याच्या देखत.

मिस्त्रींनी चौतीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात काढली होती. त्यात त्यांचा उजवा कान पार गेला आणि डावा निम्मा उरला. डावा गुडघाही कुरकुरायचा. पण शिडाची बोट घेऊन बेटाबेटांतून हिंडायचं हे त्यांच्या डोक्यात लग्नाच्या आधीपासून होतं, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बाई एकदाच्या हो म्हणाल्या. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून गल्लीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच. दोघांनी घराजवळच्या तळ्यावर दोन वर्षं शीड हाकायचं शिकून घेतलं. मुलगी डॉक्टर. तिनं परवानगी दिली, पण अट घालून: बाबा डेकवर एकटे असतील तेव्हा त्यांच्या कंबरेला दोरी हवी आणि दोरीचं दुसरं टोक बोटीला.

"मी काय म्हैस आहे, दावणीला बांधायला?" मिस्त्री म्हणाले.

"म्हैस निदान दूध तरी देते," बाई म्हणाल्या.

बोटवाला खो खो हसला, मिस्त्रीही हसले, आणि तिथेच बाई जरा ढिल्या पडल्या. आपण तेव्हा हसायला नको होतं, हे त्या पुढे स्वतःला किती वेळा म्हणाल्या असतील त्याला गणती नाही.

तोडगा मिस्त्रींनीच काढला. कारखान्यात बॉयलरची आतली खपली खरवडायला माणूस आत उतरायचा. आत अंधार, हवा कोंदट, हाक मारली तर नुसता घुमारा. म्हणून बाहेरच्यानं दर पाव तासानं हातोडीनं दोनदा ठोकायचं आणि आतल्यानं एकदा. उत्तर आलं की माणूस धड आहे. नाही आलं, की काढा ओढून बाहेर.

"चौतीस वर्षांत माझा एक माणूस दगावला नाही," मिस्त्री म्हणाले. "तू खालून ठोक, मी वर टाच आपटतो. कानाला नाही कळलं तरी पायाला कळतं. एकदा जरी उत्तर चुकलं तरी बांध मग खुशाल."

बाई कबूल झाल्या. मुलीला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

आणि खरं सांगायचं तर सोय झकास होती. बोट लहान. खाली एक खोली, तीत दोन माणसांचा बिछाना, दोन बर्नरची शेगडी आणि भिंतीला घड्याळ. वर जायला पाच पायऱ्यांची शिडी आणि तोंडाशी फळ्याफळ्यांची झडप. सुकाणू धरून ठेवायला एक यंत्र होतं, त्यामुळे वरच्याला नुसतं लक्ष ठेवायचं काम. बाई लाटण्यानं छताला दोनदा ठोकायच्या, वरून टाच एकदा आपटायची, की वहीत बरोबरची खूण. कधी मिस्त्रींच्या लक्षात यायचं नाही. मग पुन्हा ठोकायचं, तेव्हा वरून चिडून दोन-तीनदा धबधब पाय. वाऱ्याच्या दिवशी पाचांत एक वेळ तरी असं व्हायचंच. चुकलं तर दोरी, हे ठरलेलं दोघंही सोयीनं विसरले. संसारात असल्या अटी तशाही कोण पाळतो?

२

चौथ्या बेटापाशी नांगर टाकला तेव्हा भर दुपार होती. पाणी इतकं नितळ की खालची वाळू दिसत होती. किनाऱ्यावर माडांची एक रांग, एक पाण्याची टाकी, आणि माणूस म्हणून कुणी नाही.

बाई खाली बटाटे सोलत होत्या. घड्याळात सव्वाबारा झाले. हात आपोआप लाटण्याकडे गेला. ठक ठक. जरा वेळानं वरून एक ठोका आला. बाईंनी वहीत खूण केली, बटाटे शेगडीवर चढवले आणि चहाचा कप घेऊन शिडी चढल्या.

डेकवर कुणी नव्हतं.

"अहो!" त्यांनी हाक मारली. मग त्यांना आठवलं. मिस्त्री दहा मिनिटांपूर्वीच लहान होडी घेऊन पाणी भरायला गेले होते. जाताना सांगून गेले होते, कॅन मोजून घेऊन गेले होते. बाईंनी कपाळावर हात धरून बघितलं, तर तिकडे टाकीपाशी त्यांचा पांढरा सदरा दिसत होता.

आता बाई काही भित्र्या नव्हत्या. जन्मभर पोरांना सांगत आल्या होत्या, आधी काय दिलंय ते लिहा. त्यांनी कप खाली ठेवला आणि डेकवर गुडघ्यांवर बसून एकेक वस्तू तपासली. शिडाचा दोर घट्ट बांधलेला. डोलकाठीवरची कप्पी हलत नव्हती. वारा जवळजवळ पडलेला. बादली उपडी, तिच्यावर आणखी काही पडलं असेल असंही नाही. मग उन्हानं लाकूड तडकलं असेल. लाकूड तडकतंच. आणि नेमकं आपण ठोकल्यावर तडकलं, तर तो योगायोग.

त्या खाली आल्या. पुन्हा ठोकून बघावं असं वाटलं. लाटणं हातात घेतलं, छताकडे बघितलं, आणि तसंच खाली ठेवलं.

३

मिस्त्री परत आले तेव्हा पहिल्यांदा तर हसलेच. "माझ्यापेक्षा बोट शहाणी निघाली! बघ, तिनं स्वतःहून हजेरी दिली."

"थट्टा नका करू. मी ऐकलं."

"एकच ठोका?"

"एकच."

"लगेच आला, का थोडं थांबून?"

बाईंनी आठवून सांगितलं, "थोडं थांबून. तुम्ही देता तसा."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. कॅनचं झाकण ते उगाच घट्ट करत राहिले, सैल करत राहिले. चाळीस वर्षांत बाईंनी या माणसाला गप्प बसलेलं दोनदाच पाहिलं होतं, एकदा सासूबाई गेल्या तेव्हा आणि एकदा मुलीच्या लग्नात.

"एकदा तिकडेही झालं होतं," ते शेवटी म्हणाले. "कारखान्यात. आतलं काम संपलं, आतला माणूस बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहून चहा पीत होता. घड्याळ बघून मी सवयीनं ठोकलं. आतून उत्तर आलं."

"आत दुसरा कुणी असेल."

"सगळी माणसं मोजली. सगळी बाहेर. एकानं बॅटरी मारून बघितलं, तर आत काही नाही. पुन्हा ठोकलं, पुन्हा उत्तर."

"मग?"

"पाळी संपत आली होती. साहेब ओरडत होता. मी झाकण बसवलं."

"आणि?"

"पेटवला बॉयलर."

बाईंना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, तरी त्यांनी विचारला. "त्यानंतर ठोकलं का कुणी आतून?"

मिस्त्री म्हणाले, "कारखान्यात आवाज फार असतो गं. काय सांगणार." आणि ते होडी वर ओढायला निघून गेले.

संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. खुणेचे ठोके बदलू या, म्हणाले. बाईंनाही पटलं. एखादी गोष्ट योगायोग आहे का हे बघायचं तर तिचा आकडाच बदलावा, हे अगदी गणितातलं झालं. आता मिस्त्रींशी कुजबुजायची सोय नव्हती. त्यांना काही सांगायचं तर चार बोटींना ऐकू जाईल असं ओरडावं लागे. म्हणून बाईंनी वहीचं पान फाडून लिहिलं: 'मी दोन. तुम्ही तीन.' मिस्त्रींनी वाचलं, मान हलवली. दोघांनाही आपण येड्यासारखं करतोय असं वाटत होतं. बाईंनी कागदाचे बारीक तुकडे केले आणि बोटीच्या कडेवरून पाण्यात सोडले. तुकडे जरा वेळ तरंगले, मग भिजून एकेक खाली गेले.

"दोरीसुद्धा बांधा उद्यापासून," बाई म्हणाल्या.

"उद्याचं उद्या बघू," मिस्त्री म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं आणि त्याचा अर्थ नाही असा व्हायचा. बाईंना तो माहीत होता. तरी त्यांनी जोर धरला नाही.

४

सकाळी आठला नांगर उचलला. पाचवं बेट सहा-सात तासांवर. वारा मागून, शीड भरलेलं, यंत्र सुकाणू धरून उभं. असा दिवस लाखात एखादा येतो, मिस्त्री म्हणाले आणि शीळ घालू लागले.

बाईंचं डोकं मात्र ठणकत होतं. ऊन डोळ्यांत घुसत होतं. त्या खाली आल्या. ठक ठक. वरून तीन. डोक्यावरचा जड हंडा उतरवून ठेवावा तसं त्यांना वाटलं. दहा वाजता त्यांनी झडपेतून चहा वर दिला.

मिस्त्रींनी एक घोट घेतला. "साखर विसरलीस."

"विसरले नाही, कमी केलीय. मुलीनं सांगितलंय."

"दोघी मिळून मारा मला," मिस्त्री म्हणाले आणि कप लाकडी खोबणीत ठेवला. "पडून राहा तू. जेवण पोचल्यावर बघू."

बाईंनी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला. बिछान्यावरून हात उंच केला की लाटणं छताला पोचत होतं. सव्वादहाला दोन, वरून तीन. साडेदहाला दोन, वरून तीन. मध्येच डोळा लागायचा, घड्याळाकडे बघितलं की बरोबर वेळेला जाग आलेली असायची. ठोकायचं, उत्तर ऐकायचं, चाचपडत वहीत खूण करायची. बोट डुलत होती. पाणी लाकडाला चाटून जात होतं. इतकं बरं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन वाजता डोकं उतरलं. बाई उठून बसल्या, ठोकलं, तीन ठोके आले, आणि त्यांनी वही जवळ ओढली. चहानंतरच्या सोळा खुणा. एकाखाली एक, सरळ रांगेत.

त्या रांगेकडे त्या बघत राहिल्या. आदल्या पानांवर खुणांशेजारी बारीक फुल्या होत्या. मिस्त्रींनी पहिल्या खेपेला ऐकलं नाही, पुन्हा ठोकावं लागलं, की बाई फुली करायच्या. पाचांत एक. दहा दिवसांचा हिशेब होता. आज एकही फुली नव्हती. सोळाच्या सोळा वेळा, अर्धा बहिरा माणूस, मागून वारा, आणि पहिल्याच ठोक्याला उत्तर.

आणि दुसरं असं की मिस्त्री टाच आपटायचे ती उजवी. तीनदा आपटायचं तर डावा गुडघा भार घेईना, मग तिसरा ठोका कसातरी पडायचा, सकाळी तो तसाच पडला होता. बाईंनी आताचे तीन मनात पुन्हा वाजवून पाहिले. तिन्ही सारखे होते.

असेल. बसल्या बसल्या हातानं ठोकत असतील. हातात काहीतरी घेतलं असेल. वारा आज कमी आवाज करत असेल. बाई एकेक कारण मांडत होत्या आणि एकेक खोडत होत्या.

"अहो!" त्यांनी खालूनच हाक मारली.

वरून तीन ठोके आले. बाईंनी या वेळी ठोकलंच नव्हतं.

त्यांनी झडप ढकलली. डेक रिकामा होता. शीड भरलेलं होतं, यंत्र इमानानं सुकाणू धरून होतं, आणि बोट सरळ रेषेत चालली होती. दोरी हुकावर व्यवस्थित गुंडाळून टांगलेली होती. खोबणीत चहाचा कप होता. एक घोट कमी, बाकी भरलेला, वर साय धरलेली.

मिस्त्री चहा गार होऊ देणाऱ्यांतले नव्हते. म्हणजे दहा. दहाच्या पुढे पाच-सात मिनिटं. चार तास, ताशी पाच मैल. उत्तर वीस येत होतं आणि ते कुठल्याही रीतीनं केलं तरी वीसच येत होतं.

५

बोट एकटीनं कशी वळवली हे बाईंना पुढे आठवलं नाही. रेडिओवर बंदरातला माणूस बोलत होता ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"दोन वाजता उत्तर दिलं त्यांनी."

"उत्तर नाही विचारत मी. डोळ्यांनी कधी पाहिलंत?"

"दहाला."

"चार तास तुम्ही बघितलं नाहीत?"

"मी विचारत होते ना," बाई म्हणाल्या. "दर पाव तासानं विचारत होते हो मी."

त्या माणसानं बोटीची जागा तेवढी लिहून घेतली. भला माणूस असावा. तासाभरात दोन लाँचा निघाल्याचं त्यानं कळवलं. बाई डेकवर उभ्या राहून हाका मारत वीस मैल मागे गेल्या. बहिऱ्या माणसाला हाका. समुद्र सगळीकडे सारखा होता, बघायला सुरुवात कुठून करायची तेही कळत नव्हतं. आज लाखात एक दिवस म्हणाले होते ना, मग पाणी शांत आहे, पोहता येतं त्यांना, फळी सापडली असेल, बेट दिसत असेल. असं त्या संध्याकाळपर्यंत म्हणत राहिल्या.

लाँचांनी तीन दिवस शोधलं. सदरा नाही, चप्पल नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी लाँचवाल्यांच्या फोनवर मुलगी आली.

"आई, दोरी बांधली होती ना बाबांनी?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग तुटली कशी?"

"तुटली," बाई म्हणाल्या. मुलगी रडत होती. बाईंना रडू येईना. शेवटचं काय बोलले, असं मुलीनं विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, की चहात साखर कमी आहे म्हणाले.

६

चौथ्या दिवशी शोध थांबला. बोट पाचव्या बेटापाशी नांगरून ठेवली होती. बोटवाला दुपारी माणसं घेऊन येणार होता. बोट तो नेणार, बाईंना मुलीकडे पाठवणार. तोवर किनाऱ्यावर येऊन बसा, असं लाँचवाले म्हणाले. सामान आवरते म्हणून बाई बोटीवरच थांबल्या.

बाईंनी मिस्त्रींचे सदरे घडी केले. चष्म्याचं घर घेतलं. कप धुतला. वही पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. लाटणं शेगडीजवळ पडलं होतं, त्याला चार दिवसांत त्यांनी हात लावला नव्हता. वर लख्ख ऊन पडलं होतं. झडपेच्या फळ्यांतून उन्हाचे पट्टे शिडीवर आले होते. वारा नव्हता.

घड्याळात सव्वाबारा झाले आणि दोन ठोके आले.

बाईंनी छताकडे बघितलं. पण आवाज वरून आला नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या. आवाज त्यांच्या पायांना कळला होता. फळ्यांच्या खालून, बोटीच्या तळाला बाहेरून, पाण्यातून कुणीतरी ठोकलं होतं. एक ठोका नीट, दुसरा कसातरी.

खालच्यानं दोन. वरच्यानं तीन. खाली असेल त्यानं विचारायचं आणि वर असेल त्यानं सांगायचं, की आहे मी, धड आहे.

हे लाकूड तडकणं असू शकत नाही, पाण्यात लाकूड तडकत नाही. ओंडका असेल, येऊन आदळला असेल. बाई अजूनही कारणं मांडत होत्या, बिचाऱ्या. तेवढ्यात खालून पुन्हा ठोके आले. दोनच. जरा घाईचे. उत्तर कानावर आलं नाही म्हणजे आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल, असं समजून पुन्हा विचारावं तसे. असं विचारणारा माणूस बाईंना चाळीस वर्षं ठाऊक होता.

"आले हो," बाई म्हणाल्या. त्यांनी उजवी टाच उचलली.

ती खाली टेकायच्या आत उत्तर गेलं. वरून, डेकवरून. तीन ठोके, तिन्ही सारखे.

बाईंनी मान वळवली. झडपेच्या दोन फळ्यांमधून तिसऱ्या ठोक्यानंतर वर उचलली जाणारी टाच त्यांना दिसली. उघडी टाच. माणसाची म्हणावी तर तिला एक भेग नव्हती, घट्टा नव्हता, कातडी सगळीकडून गुळगुळीत होती, कधी जमिनीला लागलीच नसावी अशी. मग ती फळीच्या मागे गेली.

आणि खालचे ठोके थांबले. समाधान झालं होतं त्यांचं. उत्तर आलं होतं, बायको धड होती.

"मी नाही दिलं!" बाई ओरडल्या. "अहो, ते मी नाही!" त्या गुडघ्यांवर बसल्या आणि लाटण्यानं, मुठींनी, कपाळानं फळ्या बडवू लागल्या. तीन, तीन, पुन्हा तीन. पण विचारून झालं होतं आणि उत्तर पोचलं होतं. आता पाव तास कुणी काही विचारणार नव्हतं.

बाई घड्याळाकडे बघत बसल्या. टाच फळीपासून दोन बोटं वर धरून बसल्या. साडेबाराला खालून दोन ठोके आले, मागच्यापेक्षा हळू. बाईंनी जीव खाऊन पाय आपटला.

वरचं उत्तर त्याच्या आधीच गेलं होतं.